युद्धाचा शोधपत्रकार व्हायचंय? मग गोळीबार थांबल्यावर परत जायला शिका

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी मला विचारते की युद्धावर रिपोर्टिंग करायचंय, सुरुवात कुठून करू, हेल्मेट कुठलं घेऊ, कुठल्या बॉर्डरवरून आत शिरू. माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं आणि ते ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो: आधी एक वर्ष कोर्टात जाऊन बसा. खरंच सांगतोय. खुनाच्या केसेस ऐका, आरोपपत्र वाचायला शिका, पोस्टमॉर्टेम रिपोर्टमध्ये गोळी कुठून शिरली नि कुठून बाहेर पडली हे कसं लिहितात ते बघा, उलटतपासणीत "तुम्ही स्वतः पाहिलं की कुणी सांगितलं?" एवढ्या एका प्रश्नावर साक्षीदार कसा गडबडतो ते बघा. कारण युद्धावर लिहिणारे दोन प्रकारचे असतात, एक ते जे लढाई चालू असताना समोर काय दिसलं ते सांगतात, आणि दुसरे ते जे नंतर विचारतात की हे कुणी केलं, कुणाच्या हुकमावरून केलं आणि मग कुणी दडपलं. पहिलं काम मोठंच आहे, त्याला कमी लेखायचं नाही. पण मी इथे लिहितोय ते दुसऱ्याबद्दल.

आणि त्यात माझं ठाम मत असं की या कामात धाडसापेक्षा परत जाणं महत्त्वाचं. सगळे कॅमेरे निघून गेल्यावर त्याच गावात, त्याच घरात, त्याच माणसाकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाणं.

अमेरिकन पत्रकार डेव्हिड रोडचं उदाहरण घ्या. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातलं स्रेब्रेनिका शहर बोस्नियन सर्ब फौजेच्या हाती पडलं, हजारो मुस्लिम पुरुष आणि मुलगे गायब झाले, अमेरिकेने सॅटेलाइट फोटो दाखवून सांगितलं की इथे जमीन नव्याने उकरलेली दिसतेय, पण जागेवर जाऊन खात्री कुणी केलेली नव्हती. रोड ऑगस्टमध्ये त्या फोटोची प्रत घेऊन नोवा कसाबाला पोचला. ताज्या मातीतून वर आलेला माणसाचा पाय, आणि आसपास पडलेली स्रेब्रेनिकाच्या माणसांची कागदपत्रं, हे त्याने डोळ्यांनी पाहून लिहिलं. इथेच थांबला असता तरी त्याचं नाव झालंच होतं. पण एका जागेवरून हजारो माणसांचं काय झालं हे सिद्ध होत नाही, तो ऑक्टोबरमध्ये एकटाच बाकीच्या कबरी शोधायला परत गेला आणि बोस्नियन सर्बांनी त्याला पकडून दहा दिवस कोठडीत ठेवलं. १९९६ चा पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार त्याला मिळाला, पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. एकटं जाणं तुम्ही अजिबात करू नका, पण परत जायची ती ओढ मात्र उचला.

अमेरिकन पत्रकार सेमूर हर्शची गोष्ट आणखी वेगळी, कारण व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी केलेलं हत्याकांड उघडकीला आणताना तो व्हिएतनामला गेलाच नव्हता. हत्याकांड झालं १६ मार्च १९६८ ला. रॉन रायडनहॉवर नावाच्या सैन्यातून परतलेल्या एका तरुणाने सोबत्यांकडून ऐकलेलं सगळं लिहून १९६९ मध्ये खासदारांना आणि अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली, मग लष्कराने गाजावाजा न करता तपास सुरू केला. हर्श तेव्हा ३२ वर्षांचा फ्रीलान्सर. त्याला फोनवर फक्त एवढी टिप मिळाली की एका लष्करी माणसावर बऱ्याच नागरिकांना मारल्याचा खटला भरताहेत. त्याने नाव शोधून काढलं, त्या अधिकाऱ्याच्या वकिलाला भेटायला सॉल्ट लेक सिटीला गेला, आणि वकिलाच्या टेबलावर पडलेलं आरोपपत्र समोरच्या खुर्चीतून उलटं वाचत वहीत उतरवून घेतलं, तोंडाने बोलणं चालूच. त्यात १०९ माणसांच्या हत्येचा आरोप होता. मग फोर्ट बेनिंगच्या तळावर दिवसभर दारं ठोठावत फिरून त्या आरोपी अधिकाऱ्याला, लेफ्टनंट कॅलीला, गाठलं. लाइफ आणि लुक या बड्या मासिकांनी बातमी घेतली नाही, शेवटी डिस्पॅच न्यूज सर्व्हिस या छोट्याशा संस्थेतर्फे नोव्हेंबर १९६९ मध्ये ती तीसेक पेपरांत छापून आली. आणि तिथेही तो थांबला नाही, त्या तुकडीतले सैनिक एकेक करून शोधत देशभर हिंडला, त्याची पुढे दोन पुस्तकं झाली. म्हणून म्हणतो, फ्रंटलाइनवर जायला मिळालं नाही म्हणून हात बांधून बसू नका, युद्धाचे अर्धे साक्षीदार घरी परतलेले असतात.

आता तयारीचं बोलू. एक प्रदेश निवडा, जग नको. त्या प्रदेशाची भाषा शिका, कविता समजण्याइतकी नाही आली तरी चालेल, पण दुभाष्याने काय गाळलं हे कानाला कळलं पाहिजे, कारण म्हातारी पाच मिनिटं रडत बोलली आणि दुभाष्या म्हणाला "ती म्हणते फार वाईट झालं", तर तुमची बातमी त्या गाळलेल्या पाच मिनिटांत आहे. मग फौज कशी बांधलेली असते ते शिका, प्लाटून म्हणजे किती माणसं, कंपनीचा प्रमुख कोण असतो, बटालियनचा हुकूम खाली कसा येतो, तोफखाना कुणाच्या परवानगीने डागतात. "सैन्याने मारलं" ही शोधबातमी नाही. त्या दिवशी त्या रस्त्यावर कुठली तुकडी होती, तिचा कमांडर कोण होता, रेडिओवर कुणाशी बोलत होता, ही शोधबातमी. गणवेशावरचे बिल्ले, गाड्यांवर रंगवलेले आकडे, हेल्मेटवरची चिकटपट्टी, हे सगळं ओळखायची सवय लावा.

कायदा थोडा तरी पाठ पाहिजे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं कलम ७९ सांगतं की युद्धक्षेत्रात धोक्याचं काम करणारा पत्रकार हा नागरिक मानायचा आणि त्याला तसंच संरक्षण द्यायचं, अट एवढीच की त्याने त्या दर्जाला बाधा येईल असं काही करू नये. म्हणजे बंदूक हातात घेऊन फोटो काढणं तर सोडाच, कुणी गंमत म्हणून दिली तरी धरायची नाही. फौजेबरोबर अधिकृतपणे फिरणाऱ्या वार्ताहराला पकडलं तर १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याचा दर्जा मिळतो, एम्बेड होताना, म्हणजे असं फौजेसोबत राहून रिपोर्टिंग करताना, हा फरक माहीत असलेला बरा. आणि रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती १९८५ पासून पकडल्या गेलेल्या किंवा बेपत्ता पत्रकारांसाठी हॉटलाइन चालवते, तो नंबर घरच्यांकडे आणि एडिटरकडे देऊन ठेवा.

एम्बेडबद्दल एवढंच, की फौज तुम्हाला दाखवेल ते बघा, लिहा, पण त्या जोरावर निष्कर्ष काढू नका. तुमचं खाणं, झोपणं, जीव सगळं त्या पोरांच्या हातात असतं, ती आवडायला लागतात आणि त्यात वाईट काही नाही. फक्त नंतर बंदुकीच्या दुसऱ्या बाजूला काय झालं ते बघायला स्वतंत्रपणे परत जा.

जागेवर पोचल्यावर काय करायचं? सगळ्यात आधी काही उचलू नका. न फुटलेला दारूगोळा जमिनीत असतो हे एक, आणि तुम्ही हलवलेली वस्तू पुरावा म्हणून निम्मी मेलेली असते हे दुसरं. साधी रिकामी पुंगळी घ्या, गोळी सुटल्यावर बंदुकीतून बाहेर पडते ती पितळी नळी. तिचा आधी लांबून फोटो काढा, मागे भिंत, दार, झाड असं ओळखू येईल असं काहीतरी आलं पाहिजे. मग दोन पावलं पुढे जाऊन दुसरा. मग जवळून, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. शेवटी तिच्या बुडाचा फोटो, कारण बुडावर गोल कडेने बारीक आकडे-अक्षरं ठोकलेली असतात, बऱ्याचदा एक खूण कारखान्याची आणि एक आकडा वर्षाचा. किती पुंगळ्या एकाच जागी पडल्यात ते मोजा. भिंतीत गोळ्या शिरल्यात त्या छातीच्या उंचीला आहेत की गुडघ्याच्या, ते मापून लिहा, कारण गुडघ्याच्या उंचीला एका ओळीत भोकं असतील तर समोरची माणसं बसवलेली होती का हा प्रश्न आपोआप उभा राहतो. पण लक्षात ठेवा, पुंगळी कुठे बनली हे कळलं म्हणजे कुणी झाडली हे कळलं असं नाही, जगभर जुना दारूगोळा हातोहात फिरत असतो. न्यूयॉर्क टाइम्सचा सी. जे. चिव्हर्स, स्वतः आधी मरीन, त्याने अशा शस्त्रांच्या खुणा वाचत वाचत २०१४ मध्ये हे बाहेर काढलं की इराकमध्ये जुन्या रासायनिक तोफगोळ्यांमुळे अमेरिकन सैनिक जखमी झाले होते आणि ते लपवलं गेलं होतं. वस्तू बोलते, पण ती काय बोलली आणि काय नाही बोलली हे वेगळं लिहायला शिका.

साक्षीदारांशी बोलणं हे सगळ्यात अवघड. एकेकट्याला भेटा, घोळक्यात नको, कारण घोळक्यात सगळ्यांची गोष्ट अर्ध्या तासात एकसारखी होते. "त्यांनी तुमच्या भावाला मारलं का?" असं विचारूच नका, "त्या सकाळी उठल्यापासून सांगा" म्हणा आणि गप्प बसा. तुम्ही कुठे उभे होतात, मध्ये भिंत होती का, ऊन डोळ्यावर होतं का, हे पाहिलं की ऐकलं, कागदावर खोलीचा नकाशा काढून द्याल का. घाई करायची नाही, माणसाला थांबायचं असेल तर थांबायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. आणि बलात्कार, छळ अशा गोष्टी सोसलेल्या माणसाची आधी कुणी दहा जणांनी मुलाखत घेतली असेल तर अकरावे तुम्ही होऊ नका, आधीच्या नोंदी मिळतात का बघा.

माझी सुरुवातीच्या काळातली एक चूक मला अजून सलते. एका गावावर तोफा डागल्या गेल्या होत्या, तिथल्या एका शहाण्या, शिकलेल्या माणसाने मला मेलेल्यांची यादी दिली, १९ नावं, सुंदर अक्षरात. मी १९ छापले. चार महिन्यांनी परत गेलो, कबरींमधून एकेक करत फिरलो आणि लक्षात आलं की १७ आहेत, दोन मुलांची नावं दोनदा आली होती, एकदा घरातलं लाडाचं नाव आणि एकदा कागदावरचं. त्या माणसाने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण तोवर ज्यांनी तोफा डागल्या त्यांच्या प्रवक्त्याने तेवढं धरून सगळी बातमीच बनावट म्हणून उडवून लावली होती, आणि १७ माणसं खरोखर मेलेली असताना त्यांच्या घरच्यांना "तुम्ही खोटारडे" असं ऐकावं लागलं. तेव्हापासून माझ्याकडे मृतांचा एक तक्ता असतो: कागदावरचं नाव, घरातलं नाव, वडिलांचं नाव, वय, शेवटचं कुणी कुठे पाहिलं, मृतदेह कुठे मिळाला, कुठे पुरला, हे कुणी सांगितलं, दुसऱ्या कुणी सांगितलं, आणि कागद किंवा फोटो काय आहे. दोन वेगवेगळ्या तोंडांतून आल्याशिवाय नाव तक्त्याच्या पक्क्या भागात जात नाही. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हा तक्ता ठेवा, पुढे पुस्तकाचा कणा तोच होतो.

ही मोजणी किती ताकदीची असते ते बघायचं तर अजमत खान आणि आनंद गोपाल या पत्रकारांनी उत्तर इराकमध्ये करून २०१७ मध्ये छापलेलं काम बघा. दीडेकशे हवाई हल्ल्यांच्या जागी स्वतः गेले, दीड वर्ष, ढिगारे, शेजारी, दवाखाने, सॅटेलाइट फोटो, सगळं ताडून पाहिलं. त्यांना आढळलं की दर पाच हल्ल्यांमागे एकात नागरिक मेले होते, आणि हे प्रमाण अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या युती फौजेने कबूल केलेल्याच्या ३१ पटीहून जास्त होतं. त्यात मोसूलच्या एका माणसाचं घर होतं, बायको, मुलगी, भाऊ आणि पुतण्या गेले, आणि त्या हल्ल्याचा व्हिडिओ फौजेनेच शत्रूचा कारबॉम्ब कारखाना उडवला म्हणून यूट्यूबवर टाकलेला. खान तिथेही थांबल्या नाहीत, माहिती अधिकाराखाली अर्ज करत, कोर्टात भांडत पेंटागॉनची स्वतःची १३०० वर कागदपत्रं मिळवली, २०२१ मध्ये छापली आणि पुन्हा त्या जागांवर जाऊन पडताळली.

कागद मिळवायला चिकाटी लागते. वॉशिंग्टन पोस्टच्या क्रेग व्हिटलॉकने २०१६ मध्ये अफगाण युद्धाबद्दलच्या अमेरिकी सरकारच्या अंतर्गत मुलाखतींसाठी अर्ज केला, पेपरला दोन वेळा कोर्टात जावं लागलं, तीन वर्षं गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये २००० हून जास्त पानं जगासमोर आली. अर्ज करताना "युद्धासंबंधी सर्व माहिती" असं मोघम लिहू नका, फाइलचं नाव, तारीख, विभाग, अधिकाऱ्याचं पद जेवढं नेमकं तेवढं नकार देणं अवघड. आणि अर्ज आज टाका, ज्या विषयावर दोन वर्षांनी लिहायचंय त्याचाही.

गुन्हा करणाऱ्यांशीही बोला. हे नवख्यांना सुचतच नाही. म्यानमारमध्ये इन दिन गावात सप्टेंबर २०१७ मध्ये दहा रोहिंग्या पुरुषांना मारलं गेलं, रॉयटर्सच्या वा लोन आणि क्यॉ सो ऊ यांनी नुसते पीडित नाही शोधले, ते गावातल्या बौद्ध रहिवाशांशी बोलले, ज्यांनी स्वतः मृतदेह पुरले होते त्यांनी ते कबूल केलं, आणि मारण्याआधी त्या दहा जणांना रांगेत गुडघ्यांवर बसवलेलं दाखवणारा फोटो मिळाला. त्या दोघांना डिसेंबर २०१७ मध्ये अटक झाली, सात वर्षांची शिक्षा झाली, ५०० हून जास्त दिवस तुरुंगात काढून मे २०१९ मध्ये सुटले. बातमी मात्र ते आत असतानाच त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण करून छापली, कारण नोट्स आणि फोटो एकट्याच्या खिशात नव्हते. तुमच्याही नसावेत.

आता निम्मं काम स्क्रीनवर होतं. व्हिडिओ आला की आधी तो नवा आहे का बघा, रिव्हर्स इमेज सर्च करा, जुन्या युद्धाचे व्हिडिओ नव्या युद्धाच्या नावाने फिरणं हे रोजचं आहे. मग जागा ठरवा, मशिदीचा मिनार, पाण्याची टाकी, डोंगराची रेघ, विजेच्या खांबांचं अंतर हे सॅटेलाइट फोटोशी जुळवा. सावलीच्या लांबी-दिशेवरून वेळ काढा. १७ जुलै २०१४ ला एमएच-१७ विमान युक्रेनवर पाडलं गेलं, २९८ माणसं गेली, तेव्हा बेलिंगकॅट या इंटरनेटवरून शोध घेणाऱ्या गटाच्या लोकांनी अशाच साध्या फोटो-व्हिडिओंवरून 'बुक' नावाचं क्षेपणास्त्र वाहून नेणारा ट्रक कुठून कुठे गेला ते रस्ता-रस्ता जुळवलं. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळ्या डिस्कवर ठेवा, कधी आणि कुठून उतरवली ते लिहा, हॅश काढून ठेवा, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली तर तो जुळत नाही, २०२० चा बर्कली प्रोटोकॉल ही डिजिटल पुराव्याची नियमावली यासाठीच आहे, तो एकदा नीट वाचा. आणि गोष्ट जितकी तुम्हाला हवी तशी, तितका जास्त संशय घ्या. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या संस्थेचा इस्लामिक स्टेटवरचा गाजलेला पॉडकास्ट एका माणसाच्या न पडताळलेल्या कबुलीवर उभा होता, २०२० च्या डिसेंबरमध्ये त्यांना ते मान्य करून मिळालेलं बक्षीस परत करावं लागलं.

जिवाचं बोलू, आणि इथे मी हात जोडून सांगतो. ट्रेनिंगशिवाय जाऊ नका. टिम हेदरिंग्टन हा फोटोग्राफर २० एप्रिल २०११ ला लिबियातल्या मिसराता शहरात मांडीला लागून, रक्त जाऊन वारला. त्यानंतर त्याच्या मित्राने, सेबॅस्टियन यंगरने, रिस्क नावाची संस्था काढली, ती फ्रीलान्स युद्धपत्रकारांना प्रथमोपचार फुकट शिकवते. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत खेळ संपतो, तेवढ्यात डॉक्टर येत नाही, शेजारचा पत्रकारच येतो. टूर्निकेट, म्हणजे दांडी पिरगाळून आवळायचा पट्टा, जखमेच्या वर, सांध्यावर नाही, रक्त पूर्ण थांबेपर्यंत आवळायचा, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. दुखतं म्हणून सैल करायचा नाही. तो बॅगेच्या तळाशी ठेवून काय उपयोग, दोन्ही हातांपैकी कुठल्याही एकाने काढता येईल असा जॅकेटवर बाहेर लावा, सोबत असलेल्या प्रत्येकाला तो कुठे आहे ते दाखवा, आणि अंधारात एका हाताने बांधायची प्रॅक्टिस करा. पिस्तूलची गोळी अडवणारं मऊ जॅकेट रायफलची गोळी अडवत नाही, त्याला कडक प्लेट्स लागतात, आणि हेल्मेट मुख्यतः छर्ऱ्यांसाठी असतं. हिरवे-खाकी कपडे नकोत. जॅकेट-हेल्मेट विकत घेणं झेपत नसेल तर रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स उसनं देते, विम्याचीही सोय करते, आणि रोरी पेक ट्रस्ट फ्रीलान्सरना ट्रेनिंगसाठी मदत देतो.

निघण्याआधी एका पानावर लिहा: कुठे जाणार, कुठल्या रस्त्याने, कुणाबरोबर, किती वाजता फोन करणार, फोन नाही आला तर किती वेळाने कुणी कुणाला कळवायचं. सोबत बंद पाकिटात असे दोन-तीन प्रश्न ज्यांची उत्तरं फक्त तुम्हालाच माहीत, अपहरण झालं तर तुम्ही जिवंत आहात हे त्यावरून कळतं. फोन साफ करून न्या, सोर्सची नावं त्यात नकोत, सॅटेलाइट फोनचा सिग्नल शोधता येतो त्यामुळे एकाच जागेवरून पुन्हापुन्हा बोलू नका. युद्धपत्रकार मेरी कोल्व्हिन २२ फेब्रुवारी २०१२ ला सीरियातल्या होम्समध्ये मारली गेली ती पत्रकारांच्याच तळावर झालेल्या हल्ल्यात, आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने म्हटलं की तो हल्ला जाणूनबुजून होता. तिने आयुष्यभर हे काम केलं होतं, एक डोळा गमावून केलं होतं. अनुभव ढाल नाही.

फिक्सरबद्दल थोडं, कारण यावर फार कमी बोललं जातं आणि मला त्याचं वाईट वाटतं. तो दुभाषा, वाटाड्या, ड्रायव्हर, अर्धा रिपोर्टर असतो, आणि तुम्ही विमानात बसल्यावरही तिथेच राहतो. २००७ मध्ये अफगाणिस्तानात एका इटालियन पत्रकाराबरोबर पकडलेला अजमल नक्शबंदी हा फिक्सर, पत्रकार सुटला, अजमलला तालिबानने मारलं. जायचं की नाही यावर शेवटचा शब्द फिक्सरचा, त्याच्या जॅकेट-विम्याचे पैसे तुमच्या बजेटमध्ये आधी, आणि बायलाइनमध्ये, म्हणजे बातमीवर तुमच्या नावाशेजारी, नाव हवं की नको हे त्याला विचारा, परस्पर ठरवू नका.

पैसा अनियमित असतो. "तू जा, काय मिळतंय बघू" म्हणणाऱ्या एडिटरसाठी जाऊ नका, लेखी कमिशन (म्हणजे बातमी घेण्याची कबुली), खर्च आणि विमा ठरला तरच. पिच, म्हणजे एडिटरला पाठवायचा बातमीचा प्रस्ताव, एका परिच्छेदात: काय नवीन सिद्ध करणार, पुरावा आत्ता हातात काय आहे, कोण बोलायला तयार आहे.

मनाचं दुखणं लपवू नका. अँथनी फाइनस्टाइन या मानसोपचारतज्ज्ञाने २००२ मध्ये १४० युद्धपत्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २८.६ टक्के जणांना आयुष्यात कधीतरी पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार, झालेला आढळला. घरी बसून व्हिडिओ तपासणाऱ्यालाही हे होतं. साधा उपाय सांगतो, भयानक फुटेज पहिल्यांदा आवाज बंद करून, छोट्या खिडकीत बघा, आत पोचतो तो आवाज. रात्री झोपण्याआधी अजिबात नको. झोप उडाली, चिडचिड वाढली, घरातल्यांशी बोलवेना, की महिनाभर वाट बघू नका, डॉक्टरकडे जा.

आता पुस्तक. बातम्यांची कात्रणं जोडून पुस्तक होत नाही, हे मी बऱ्याच चांगल्या रिपोर्टरना चुकताना पाहिलंय. बातमी विचारते काय झालं, पुस्तक विचारतं हे होऊ कसं शकलं. त्यासाठी एक मोठा तारखांचा तक्ता करा, एका रकान्यात जागेवर काय घडलं, शेजारी त्याच दिवशी मुख्यालयात काय चाललं होतं, तिसऱ्यात जगाला काय सांगितलं गेलं. हे तीन रकाने शेजारी ठेवले की खोटं कुठे बोललं गेलं ते आपसूक दिसायला लागतं, आणि प्रकरणं कुठे तुटतात तेही. माणसं थोडी ठेवा. जॉन हर्सी १९४६ मध्ये हिरोशिमाला गेला आणि सहाच माणसं निवडली, ३१ ऑगस्टचा न्यूयॉर्करचा अख्खा अंक त्या लेखाला दिला गेला. आणि बघा, चाळीसेक वर्षांनी तो पुन्हा गेला, त्या सहा जणांचं पुढे काय झालं ते १९८५ मध्ये लिहिलं.

प्रकाशकाला अख्खं हस्तलिखित द्यायची गरज नसते, प्रस्ताव चालतो: विषय काय, नवीन काय, तुम्हीच का, प्रकरणवार आराखडा आणि एक-दोन नमुना प्रकरणं. नमुना प्रकरण ते द्या ज्यात तुमचा पुरावा सगळ्यात पक्का आहे, सगळ्यात थरारक ते नाही. एजंट असला तर साधारण १५ टक्के घेतो, अॅडव्हान्स हप्त्यांत येतो आणि त्यातूनच तुमचा प्रवास आणि फॅक्ट-चेकरही भागवायचा असतो, कारण बहुतेक प्रकाशक फॅक्ट-चेक करून देत नाहीत. करारात नुकसानभरपाईचं कलम कुणाच्या डोक्यावर टाकलंय ते सहीआधी वकिलाला दाखवा. आणि टेप्स, वह्या फेकू नका. बेलारूसची लेखिका स्वेतलाना अलेक्सिएव्हिच, तिला अफगाण युद्धावरच्या पुस्तकासाठी जबान्या देणाऱ्या काहींनीच नंतर, १९९२-९३ मध्ये, मिन्स्कच्या कोर्टात खेचलं होतं. माणूस दुःखात बोलतो, नंतर दबाव येतो, शब्द फिरतो, तेव्हा तारीख टाकलेली वहीच कामाला येते. उद्या एखाद्या युद्धगुन्ह्याच्या न्यायाधिकरणाने साक्षीला बोलावलं तर? जोनाथन रँडल या पत्रकाराच्या प्रकरणात २००२ मध्ये युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने ठरवलं की युद्धवार्ताहराला सहजासहजी साक्षीला ओढता येणार नाही. काहींनी नकार दिला, काहींनी आपणहून साक्ष दिली, दोन्ही समजण्यासारखं आहे, पण मुलाखत घेतानाच समोरच्याला सांगा की हे कोर्टापर्यंत जाऊ शकतं.

छपाईला जाण्याआधी शेवटचे सहा आठवडे फक्त फोनसाठी राखून ठेवा. पुस्तकात ज्याचं ज्याचं नाव आहे त्या प्रत्येकाची यादी काढा, ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांना लेखी प्रश्न पाठवून उत्तराला पुरेसा वेळ द्या, आणि ज्यांनी तुम्हाला जबानी दिली त्यांना त्यांच्याबद्दलच्या ओळी त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. तेव्हा हो म्हणणारी बाई आता त्याच गावात परत राहायला गेलेली असते, मारणारा तिच्या गल्लीत दुकान चालवत असतो, आणि ती म्हणते नाव काढा. वाद न घालता काढा, नाव, गाव, मुलांची संख्या, अंगणातलं झाड, ओळख पटेल ते सगळं, आणि बदललेलं पान तिला पुन्हा एकदा वाचून दाखवा.